पडद्याची बायकांची बाजू

सासरच्या गावी तंबूतला सिनेमा यायचा तेव्हा पडदा तंबूच्या टोकाला नसायचा, मधोमध असायचा. एका बाजूला पुरुष बसत, दुसऱ्या बाजूला बायका. यंत्र पुरुषांच्या बाजूला. तिकडून उजेड पडद्यावर पडायचा आणि पडद्यातून आमच्याकडे झिरपायचा. कापड ओलं असलं की आरपार चांगलं दिसतं, म्हणून खेळाआधी एक गडी पडद्यावर पाणी मारायचा. बायकांना पुरुषांत बसवायचं नाही आणि सिनेमाही दाखवायचा, त्यावर तंबूवाल्यानं काढलेली ही तोड होती. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मलाही वाटलं नव्हतं, त्या पडद्यापायी मालकांनी मला माहेरी धाडलं तोवर.

आता आम्ही जळगावात मेहरूणला राहतो. इथल्या शेजारणी म्हणतात, तुमचे मालक प्रत्येक गोष्ट तुम्हाला विचारून करतात, काय जादू केली? मी हसते. चार माणसांत माझी जीभ उचलत नाही, पहिल्यापासूनची खोड आहे. पण कागदासमोर मान खाली घालून बसावं लागत नाही. मी चौथी शिकले आहे. तेवढं हे लिहायला पुरतं. आमचं बोलणं अहिराणी, ते मी शाळेच्या भाषेत लिहिते आहे. काही वाक्यं मात्र हलतच नाहीत, ती आहेत तशी ठेवते.

लग्नाला चौथं वर्ष होतं, मूल नव्हतं. गाव धुळ्यापासून बैलगाडीनं दोन तासांवर. मालक कापसाच्या जिनात मापाडी होते. घरात आम्ही तिघं, मालक, मी आणि माझ्या विधवा जाऊबाई. त्यांना मी मोठ्या बाई म्हणायची. समोरच्या घरात शाळेतले एक मास्तर भाड्यानं राहत. ते जुनी मासिकं आणि वर्तमानपत्रं मोठ्या बाईंना चूल पेटवायला देत. मी पान फाडायची, वाचायची आणि मग चुलीत घालायची. कधी गोष्ट अर्धी राहून पुढचं पान आदल्या दिवशीच जळून गेलेलं असायचं. असंच एकदा वाचता वाचता मला हसू आलं आणि मालक दारात उभे होते. कागद कुठला म्हणून विचारलं, मी खरं ते सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून मास्तरांच्या बाजूची खिडकी बंद झाली.

एवढंच. त्या मास्तरांचं तोंडही मी धड पाहिलेलं नव्हतं. डोक्यावरचा पदर नाकापर्यंत असायचा, त्याखालून माणसाचे जोडे दिसतात. त्यांचे जोडे ओळखले असते, तोंड नाही.

त्या चैत्रात, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आठ दिवस आधी तंबू आला. दिवेलागणीचा खेळ होता. मालक पुरुषांच्या दारानं आत गेले, मी आणि मोठ्या बाई आमच्या दारानं. सिनेमात एक बडा वकील होता, त्याची देखणी बायको होती. ती दर गुरुवारी दुपारी घराबाहेर जायची. वकिलाच्या मनात किडा शिरतो. तो कपाटात लपून बायकोला बघतो. तिच्या चपलेला चिकटलेली माती पुडीत बांधून ठेवतो. रात्री जिन्यावर पीठ पसरून ठेवतो, सकाळी पावलं उमटली का पाहायला. आणि तिच्याशी बोलतो मात्र गोड. स्वतः फळ सोलून, फोडी करून तिला देतो. फळाची ती सुरी पडद्यावर दर वेळी मोठी होत जायची आणि आमच्यातल्या बायका एकमेकींचा हात धरायच्या. शेवटी त्याच सुरीनं तो तिला मारतो. मग तिच्या पेटीत एक चिठ्ठी सापडते. ती चिठ्ठी पडदाभर दाखवली, वकील ती वाचून खाली बसला आणि सिनेमा संपला.

चिठ्ठी कुणी मोठ्यानं वाचली नाही. पुरुषांच्या बाजूनं एक हुंकार आला. आमच्या बाजूला बायका मला म्हणाल्या, तू शिकलेली आहेस, वाच. मी डोळे ताणले. अक्षरं होती, पण पाटीवर लिहून पाटीच्या मागून पाहावीत तशी. दोन शब्द उलगडेपर्यंत चिठ्ठी गेलीसुद्धा. घरी जाताना कंदिलाच्या उजेडात बायकांचा वाद चालला होता. बाईनं दगा दिला की वकिलानं? एकीचं म्हणणं, बाप्याच कुठंतरी जात असणार, म्हणून बायकोवर संशय. मोठ्या बाई काहीच बोलत नव्हत्या, कारण त्यांनी मध्यंतरानंतर एक छानशी झोप काढली होती.

सकाळी मालक न्याहारीला बसले. मी भाकरी वाढली आणि लग्नानंतर बहुतेक पहिल्यांदाच आपणहून काही विचारलं. म्हटलं, त्या चिठ्ठीत काय होतं?

त्यांचा हात थांबला. ते म्हणाले, चिठ्ठी भिंतीएवढी होती. तुला वाचता येतं. मग मला का विचारतेस?

मी म्हटलं, आमच्याकडून अक्षरं मागून दिसतात.

"मग काय माणसंही मागून दिसतात?" ते म्हणाले.

आज वाटतं, उत्तर त्यांच्याच तोंडात आलं होतं. पण त्यांनी ते टोमणा म्हणून टाकलं आणि मी टोमणा म्हणून घेतलं. अक्षरं मागून दिसतात हे मला कळत होतं. माणसांचं काही माझ्या डोक्यात आलं नव्हतं, कारण माणूस मागून दिसला तर त्याची पाठ दिसेल, आणि आम्हाला तर सगळ्यांची तोंडं दिसत होती.

मग त्यांनी हळूच विचारलं, वकील फळ सोलायचा ती सुरी कोणत्या हातात होती?

"डाव्या," मी म्हटलं. "सिनेमातली सगळीच माणसं डावरी असतात."

हे मी थट्टेनं म्हटलं नव्हतं. आमच्या गावातल्या बायकांची तशी पक्की समजूत होती. सिनेमातले लोक डाव्या हातानं जेवतात, डाव्या हातानं कुंकू लावतात, बायका पदर उजव्या खांद्यावरून सोडतात. बड्या शहरांत तशी रीत असेल असं आम्ही धरून चाललो होतो. मोठ्या बाई तर म्हणायच्या, शिकून शिकून त्यांना जेवायचा हात कळेनासा झाला आहे.

मालकांनी ताट सरकवलं. सुरी उजव्या हातात होती, त्यांनी दोन तास तीच पाहिली होती. त्यांनी मोठ्या बाईंना बोलावलं आणि विचारलं, ही काल पूर्ण वेळ तुमच्याजवळ होती का? बिचाऱ्या बाई खोटं बोलणाऱ्या नव्हत्या.

"मी काय सांगू भाऊ? माले झोप लागी गयी व्हती."

दुसऱ्या कुणा बाईला त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर घरातली गोष्ट गावात गेली असती. आणि त्यांनी एक पाहून ठेवलं होतं, मला नंतर कळलं. काल पुरुषांत मास्तर नव्हते.

त्यानंतर घरात आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. ते माझ्याशी गोड बोलायला लागले. भाजी चांगली झाली म्हणाले. मी तोवर घाबरले नव्हते, त्या दिवशी घाबरले. दुसऱ्या सकाळी मागच्या दाराच्या उंबऱ्याबाहेर राख पसरलेली दिसली, चाळून घ्यावी तशी बारीक. मला वाटलं, भांडी घासायची राख मोठ्या बाईंच्या हातून सांडली. मी झाडून टाकली. संध्याकाळी मालकांनी मोठ्या बाईंना बजावलं, मागचा उंबरा कुणी झाडायचा नाही. तिसऱ्या सकाळी पुन्हा राख. तेव्हा मला जिन्यावरचं पीठ आठवलं, आणि हातातला झाडू हातातच राहिला.

मी काय केलं ते सांगते. झाडू कोपऱ्यात ठेवला. उजवा पाय उचलला आणि राखेत दाबून रोवला, पाचही बोटं उमटतील असा. मग डावा. मग विहिरीवर गेले, घागर भरली आणि ओल्या पायांनी पुन्हा त्याच राखेतून आत आले. जाताना एक ओळ, येताना एक. मला विचारायचं तर तोंडानं विचारा, राखेला काय विचारता? बोलायची हिंमत नव्हती म्हणून पायांनी बोलले. मालकांनी ते पाहिलं. संध्याकाळी भाजीला नाव ठेवलं.

आखाजीला आमच्याकडे भाऊ मुऱ्हाळी म्हणून बहिणीला न्यायला येतो. माझा भाऊ पारोळ्याहून गाडी जुंपून आला. दर वर्षी मालक गाडीत गुळाची ढेप ठेवून म्हणायचे, आठ दिवसांत आणून सोडा. त्या वर्षी त्यांनी भावाला ओट्यावर बसवलं आणि मोठ्या बाईंच्या देखत सांगितलं, घेऊन जा, मी न्यायला येईन तेव्हा येईन. भावानं विचारलं, पाहुणे, काय झालं? ते म्हणाले, तुमच्या बहिणीलाच विचारा ती सिनेमाच्या वेळी कुठं होती.

भावानं माझ्याकडे पाहिलं. माझा पदर नाकापर्यंत होता. मी गाडीत बसले.

माहेरी गल्लीतल्या मुली झोक्यावर गात होत्या, मी घरात होते. चार दिवसांनी निरोप आला. कुलदेवीच्या टाकापुढे तळहातावर पेटता कापूर धरून शपथ घ्यावी, म्हणजे मालक मला परत नेतील. मायनं डोळ्याला पदर लावला, पण तिची तयारी होती. घटकाभराचं काम, ती म्हणाली, मी आधी तुझ्या हाताला तूप लावून देते. भावाचीही ना नव्हती. त्यांचंही खोटं नव्हतं. टाकलेली बाई ही काय चीज असते ते आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत होतं, एक आमच्या भिंतीपलीकडेच राहत होती.

मी दोन दिवस विचार केला. विचार म्हणजे काय, दळलं, निवडलं, सारवलं. आमच्या मधल्या दाराला मांजरपाटाचा पडदा होता. त्यावर गिरणीचा निळा छाप होता, एक कोंबडा. लहानपणापासून तो कोंबडा मी पाहत होते. घरात बसलं की तो कणगीकडे तोंड करून असायचा. त्या दुपारी मी गहू निवडत ओसरीत बसले होते. ऊन आतल्या खिडकीतून पडद्यावर येत होतं आणि कोंबडा लख्ख दिसत होता. चोच कणगीकडेच. पण आत बसले की कणगी माझ्या उजव्या हाताला असते, ओसरीत तोंड फिरवून बसले की डाव्या. कोंबडा जागचा हलला नव्हता. पडद्याची बाजू बदलली होती.

मी सूप खाली ठेवलं. आत गेले, पाहिलं. बाहेर आले, पाहिलं. मायला वाटलं मला काहीतरी झालं. मी असं पाच-सहा वेळा केलं. मग मी तिथेच उंबऱ्यावर बसून खूप हसले. गावातल्या इतक्या बायका इतकी वर्षं उजव्या हाताला डावा समजत होत्या, आणि इतक्या पुरुषांतल्या एकाच्याही मनात कधी आलं नव्हतं की पलीकडे बसलेल्यांना काय दिसत असेल.

भावाला दाखवलं. तो लगेच म्हणाला, चल, मी आत्ता जाऊन पाहुण्यांना समजावून सांगतो. मी म्हटलं, नाही. त्याला वाटलं मी लाजते आहे.

मला ते समजावून सांगायचं नव्हतं. कोंबड्याची गोष्ट ऐकून ते म्हणाले असते, ठीक आहे, पटलं. पण उद्या दुसरं काही निघालं असतं, आणि पुन्हा मला कोंबडा शोधावा लागला असता. मी तिथं होते, मी सांगितलं होतं, तेवढं पुरायला हवं होतं. मी भावाला म्हटलं, "मी शपथ घेवाव नही. मी देखं ते देखं." भाऊ माझ्याकडे बघतच राहिला. मी त्याच्यापुढे एवढं लांब कधी बोलले नव्हते.

तोच तंबू पुढच्या आठवड्यात पारोळ्याला आला. खांब आणि कनात वाहून आणायला भावाचीच गाडी होती, म्हणून त्याची तंबूवाल्याशी ओळख झाली. खेळ तोच, वकिलाचा. मी भावाकडून मालकांना निरोप धाडला. कापूर नाही, टाक नाही. त्यांनी यायचं आणि मी जिथं बसले होते तिथं बसून तो सिनेमा पाहायचा. पडद्याच्या आमच्या बाजूला, बायकांत, माझ्या शेजारी. मग मला न्यायचं की नाही ते त्यांनी ठरवायचं, आणि जायचं की नाही ते मी ठरवेन.

माय म्हणाली, आता तो कशाला येतो. मलाही तसंच वाटत होतं. निरोप जाऊन चार दिवस झाले. भिंतीपलीकडची बाई भांडी घासायची त्याचा आवाज यायचा आणि मी मनात म्हणायची, हेच ऐकत जन्म काढायचा. पण शब्द मागे घेतला नाही.

पाचव्या दिवशी, बाजाराच्या दिवशी, मालक आले. ओसरीत बसले, पाणी प्यायले. भावाला म्हणाले, मी मागच्या बाजूला कनातीशी उभा राहून पाहतो, दिवे गेल्यावर. मी आत मधल्या दाराशी उभी होते. पडद्याआडून म्हटलं, "उभं नाही. बसायचं. दिवे असतानाच."

त्यांनी पडद्याकडे पाहिलं. कोंबडा मध्ये होता.

ते बसले. खांद्यावरचा पंचा त्यांनी डोक्यावरून घेतला होता आणि मान गुडघ्यांत घातली होती. दाराशी बसणाऱ्या म्हातारीला भावानं आधीच सांगून ठेवलं होतं, तरी बायकांत कुजबुज झाली. पुढच्या चटईवरची एक आजी वळून त्यांच्या तोंडाजवळ आली आणि म्हणाली, "काय वं माय, तुले मिशा कव्हय उन्यात?"

मिशा कधी आल्या म्हणे! सगळ्या बायका हसल्या. मीही हसले. मालकांच्या कानापर्यंत रक्त चढलेलं मला पंच्याखालूनही दिसलं. चार वर्षं मी त्या घरात असंच बसले होते, पदर ओढून, मान घालून. त्यांना एक संध्याकाळ बसावं लागलं. मला वाईट वाटलं नाही.

दिवे गेले. वकिलानं पहिल्यांदा सुरी उचलली, डाव्या हातात. मालकांची मान वर आली. बायको जेवायला बसली, डाव्या हातानं घास घेतला. पंचा खांद्यावर घसरला, तो त्यांनी परत घेतला नाही. मग ते मला वाटतं सिनेमा पाहतच नव्हते, हात पाहत होते. शेवटी चिठ्ठी आली, पडदाभर. मी त्यांच्याकडे पाहत होते. त्यांचे ओठ हलले आणि थांबले. त्यांनी डोकं तिरपं केलं, डोळे बारीक केले. चिठ्ठी गेली.

आजूबाजूच्या बायका एकमेकींना विचारायला लागल्या, काय होतं, काय होतं? मी मालकांकडे वळून तेच विचारलं. पहिल्या सकाळी विचारलं होतं तेच, त्याच शब्दांत.

त्यांना माहीत होतं, त्यांनी पुढून वाचलेली होती. तिनं आपल्या बहिणीला लिहिलं होतं, ते म्हणाले. गुरुवारी ती आजारी सावत्र आईला बघायला जायची, घरच्यांचं तिच्याशी पटत नव्हतं म्हणून चोरून. आणि पुढे लिहिलं होतं की नवरा कपाटातून बघतो, पीठ पसरतो, हे मला सगळं ठाऊक आहे. पण मी बोलत नाही. बोलले तर त्यांना माझ्यासमोर लाज वाटेल.

मागे बसलेल्या दोघी-तिघींनी ऐकलं, आणि त्यांच्याकडून ते चटईचटईनं पुढे गेलं. आजी म्हणाली, वेडी ती. पण मला त्या बाईचा राग आला, आणि त्याहून जास्त कणव आली. नवऱ्याला लाज वाटू नये म्हणून मेली. माझ्या नवऱ्याला मी बायकांत बसवलं, लाज वाटली, आणि कुणी मेलं नाही.

सकाळी ओसरीत मालक म्हणाले, चल. मी म्हटलं, मोठ्या बाईंच्या देखत मला काढलंत, त्यांच्या देखत बोलाल का? ते म्हणाले, घरी गेल्यावर बघू. मी म्हटलं, मग मी घरी गेल्यावर बघते, आणि मधल्या दारातून आत गेले. मग त्यांचा आवाज आला, "बोलतो."

गावी पोचलो तेव्हा मोठ्या बाई ओट्यावरच होत्या. मालकांनी चपला काढल्या, उभ्या उभ्याच सांगितलं. "वहिनी, ही तंबूतच होती. मला कळलं नाही." तेवढंच बोलले, पण जमिनीकडे बघून नाही, त्यांच्याकडे बघून. मोठ्या बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे, आणि म्हणाल्या की त्यांना झोप लागली नसती तर एवढी यातायात झाली नसती.

मी पाणी आणायला मागच्या दारी गेले. मागचा उंबरा झाडायचा नाही असं सांगितलेलं, म्हणून मोठ्या बाईंनी तो तीन आठवडे झाडला नव्हता. वाऱ्यानं बरीचशी राख उडाली होती. उरलेल्यात माझी पावलं अजून होती, ओल्या पायांची, वाळून टणक झालेली.

मी घागर खाली ठेवली आणि तिथंच उभी राहिले. मालक मागून आले. त्यांनी पाहिलं. कोपऱ्यातला झाडू घेतला आणि वाकून झाडायला लागले. त्यांना झाडता येत नव्हतं, अर्धी राख घरात आली. मी हात लावला नाही. झाडून होईपर्यंत थांबले, मग घागर उचलली.